राँटजेन यांची थंड नळी

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून एक मोठे खाकी पाकीट निघाले. आत वडिलांच्या छातीचे, माझ्या पायाचे आणि सौ.च्या मणक्याचे जुने एक्स-रे. १९८० च्या सूर्यग्रहणाला आमच्या गल्लीतली निम्मी इंदूरकर मंडळी असल्याच फिल्म डोळ्यांपुढे धरून गच्चीवर उभी होती. (तसे करू नये, हे आम्हाला फार नंतर कळले.) पाकीट टाकून द्यायला हात होईना. एकेक फिल्म खिडकीपाशी धरून पाहत बसलो आणि मनात आले, हे उद्योग ज्याने पहिल्यांदा केले त्या माणसाविषयी आपल्याला नावापलीकडे काय ठाऊक आहे?

म्हणून वाचायला घेतले. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपर्यंतचा, पुढे बी.कॉम. आणि मग बँक. तेव्हा शास्त्रज्ञ वाचकांनी चूकभूल द्यावी घ्यावी. पण विल्हेल्म कॉनराड राँटजेन यांचे चरित्र वाचताना मला वारंवार वाटले की हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. मोजके बोलणारा, नियमाने वागणारा, दहादा पडताळल्याशिवाय सही न करणारा.

त्यांचा जन्म २७ मार्च १८४५ चा, प्रशियातल्या लेनेप या गावचा. वडील कापडाचे व्यापारी, आई मूळच्या ॲमस्टरडॅमच्या घराण्यातल्या. विल्हेल्म एकुलते एक. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब हॉलंडमध्ये आपेलडोर्न येथे राहायला गेले आणि तिथेच ते वाढले. एका देशात जन्म आणि दुसऱ्या देशाच्या भाषेत शाळा, ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ घरांना वेगळी समजावून सांगायला नको.

शाळेत ते काही पहिल्या नंबराचे नव्हते. हाताने यंत्रे जुळवण्याची मात्र आवड. पुढे उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत असताना एक प्रकरण घडले आणि त्याने त्यांचे सगळे आयुष्य वळवले. वर्गातल्या कुणीतरी एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. शिक्षकांनी पाहिले तेव्हा तिथे राँटजेन होते. चित्र कुणी काढले ते त्यांना माहीत होते, पण त्यांनी नाव सांगितले नाही. शाळेतून काढून टाकण्यात आले तरी सांगितले नाही. त्यामुळे विद्यापीठात रीतसर प्रवेशासाठी लागणारा दाखला हातात आला नाही. बाहेरून परीक्षा दिली, तीही निष्फळ ठरली. उट्रेख्ट विद्यापीठात काही काळ नुसते बसून व्याख्याने ऐकली. तेवढ्यात कळले की स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये हा दाखला नसला तरी मार्ग निघू शकतो. १८६५ साली ते झुरिकला गेले, १८६८ साली यंत्र अभियंत्याची पदविका आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

झुरिकला दोन माणसे भेटली. एक प्राध्यापक आउगुस्ट कुंट, ज्यांनी या अभियंत्याला भौतिकशास्त्राकडे ओढले. दुसरी आन्ना बेर्टा लुडविग, तिथल्या एका खाणावळवाल्याची मुलगी, राँटजेन यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. १८७२ साली दोघांचे लग्न झाले. मूल झाले नाही. पुढे बेर्टाबाईंच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी घरी आणली आणि आपली म्हणून वाढवली.

कुंट व्युर्त्सबुर्गला गेले तसे राँटजेन त्यांचे सहायक म्हणून सोबत गेले. तिथल्या विद्यापीठाने मात्र त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. कारण तेच, शालान्त दाखला नाही. डॉक्टरेट आहे, प्रयोगातला हात नावाजलेला आहे, पण फाइलमध्ये तो एक कागद नाही! मी आयुष्यभर फायली हाताळल्या आहेत, त्यामुळे त्या कारकुनाचा चेहरासुद्धा मला दिसतो. स्ट्रासबुर्ग विद्यापीठाने १८७४ साली हा अडसर दूर केला. मग होहेनहाइम, परत स्ट्रासबुर्ग, १८७९ पासून गीसेन, आणि १८८८ साली त्याच व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १८९४ साली तर ते तिथले कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाने परत पाठवले होते, त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आता त्यांचे बिऱ्हाड आणि खाली प्रयोगशाळा.

आता त्या नळीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिच्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

काचेची एक बंद नळी घ्यायची, तिच्यात धातूचे दोन तुकडे बसवायचे, पंपाने आतली हवा काढायची आणि त्या दोन तुकड्यांना हजारो व्होल्टची वीज द्यायची. ऋण बाजूच्या तुकड्याला कॅथोड म्हणतात. आपल्या जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये मागच्या बाजूला एक कॅथोड असे, आणि तो तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत. राँटजेन यांच्या काळातल्या नळीत तापवायची तारच नव्हती. कॅथोड थंड. मग थंड धातूतून इलेक्ट्रॉन निघतात कसे?

ते काम नळीत उरलेली हवा करते. पंप कितीही चालवला तरी आत थोडी हवा राहतेच, बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्शाइतकी, किंवा त्याहूनही कमी. तिच्यातल्या काही कणांवर धन भार असतो. विजेचा दाब पडला की हे कण वेगाने कॅथोडकडे धावतात, त्यावर आदळतात आणि त्यातून इलेक्ट्रॉन उडवतात. हे इलेक्ट्रॉन कॅथोडपासून दूर फेकले जाऊन समोरच्या काचेवर जाऊन थडकतात. काच तिथे हिरवट चमकते. जर्मनीत हिटॉर्फ आणि इंग्लंडमध्ये क्रूक्स यांनी अशा नळ्यांवर पुष्कळ काम केले होते. कॅथोडकडून येणाऱ्या या झोताला कॅथोड किरण म्हणत. तो झोत म्हणजे नेमके काय, यावर मात्र वाद चालू होता. इलेक्ट्रॉनची ओळख थॉमसन यांनी १८९७ साली पटवली. म्हणजे राँटजेन यांनी जो शोध लावला तो इलेक्ट्रॉन ठाऊक नसताना लावला, हे ध्यानात ठेवावे. आज दुकानांवर ज्या निऑनच्या पाट्या लागतात त्याही थंड कॅथोडच्याच, फक्त त्यांच्यात वायू बराच जास्त असतो.

आणखी एक गोष्ट. ही नळी काही राँटजेन यांच्या एकट्याकडे नव्हती. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या प्रयोगशाळांत ती होती. क्रूक्स यांच्याबद्दल असे सांगतात की नळीजवळ ठेवलेल्या त्यांच्या फोटोच्या काचा वापरण्याआधीच धुरकटायच्या, आणि ते कंपनीलाच दोष द्यायचे. फिलाडेल्फियात गुडस्पीड नावाच्या प्राध्यापकांकडे २२ फेब्रुवारी १८९० रोजी चुकून एक चित्र उमटलेच होते. फोटोच्या काचेवर राहिलेल्या नाण्यांच्या गोल सावल्या. त्यांना अर्थ लागला नाही, त्यांनी काच बाजूला ठेवून दिली. सहा वर्षांनी राँटजेन यांची बातमी आल्यावर त्यांनी ती शोधून काढली आणि मोठ्या मनाने कबूल केले की शोध आपला नव्हे. क्ष-किरण अनेकांच्या टेबलावर अनेक वर्षे पडत होते. हजर रक्कम, पण कुणाच्या खात्यात जमा नाही.

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवार. राँटजेन पन्नाशीचे. संध्याकाळी ते प्रयोगशाळेत एकटेच होते. नळी काळ्या जाड पुठ्ठ्यात अशी गुंडाळली होती की आतला कणभर उजेड बाहेर येऊ नये. खोलीत अंधार केला. नळी सुरू केली. पुठ्ठ्यातून प्रकाश येत नाही याची खात्री झाली. आणि थोड्या अंतरावर बाकावर काहीतरी चमकताना दिसले. बेरियम प्लॅटिनोसायनाइड नावाच्या रसायनाचा लेप दिलेला कागदाचा पडदा होता तो. नळी बंद केली की चमक जाई, सुरू केली की परत येई. कॅथोड किरण हवेत काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत हे तोपर्यंत माहीत झाले होते. पडदा तर त्याहून पुष्कळ लांब होता.

त्या रात्री काय झाले याहून मला पुढचे सात आठवडे अधिक मोलाचे वाटतात. त्यांनी कुणालाही काही सांगितले नाही. सहायकांनाही नाही. जेवण खाली मागवत, कधी झोपणेही प्रयोगशाळेतच. नळी आणि पडदा यांच्यामध्ये एकेक वस्तू धरून पाहिली. हजार पानांचे पुस्तक, पत्त्यांचा जोड, लाकडाचे ठोकळे, कथलाचा पत्रा. किरण सगळ्यांतून पार. शिशाचा दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला की मात्र अडले. चुंबकाने हे किरण वळत नाहीत. भिंगाने एकत्र होत नाहीत. लोलकातून वाकत नाहीत. बंद लाकडी पेटीतल्या वजनांचा फोटो काढला, झाकणाआड असलेल्या होकायंत्राचा काढला.

आणि मग थंड कॅथोडशी यांचे नाते काय, तेही त्यांनी शोधून काढले. काचेवर जिथे कॅथोड किरण थडकतात, नेमके तिथूनच हे नवे किरण निघत होते. चुंबक जवळ आणून त्यांनी कॅथोड किरणांचा झोत काचेवर दुसरीकडे वळवला. नव्या किरणांचा उगमही त्याच्याबरोबर सरकला. म्हणजे कॅथोड थंड असो की गरम, त्याच्या अंगातून क्ष-किरण निघत नाहीत. कॅथोड इलेक्ट्रॉन देतो, विजेचा दाब त्यांना वेग देतो, आणि ते कशावर तरी आदळून एकाएकी थांबतात तेव्हा त्यांच्या ऊर्जेचा थोडासा भाग क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. थोडासा म्हणजे शंभरातला एखादा हिस्सा. बाकीची सगळी उष्णता. पुढच्या दोन-तीन महिन्यांत राँटजेन यांना हेही दिसले की काचेऐवजी प्लॅटिनमसारख्या जड धातूवर झोत पाडला तर किरण अधिक जोरदार निघतात. वाटीसारखा खोलगट ॲल्युमिनियमचा कॅथोड आणि त्याच्यासमोर ४५ अंशांत तिरपा प्लॅटिनमचा पत्रा, ही रचना त्यांनी सुचवली. अनेक वर्षे दवाखान्यांतल्या नळ्या याच धर्तीवर बनत होत्या.

२२ डिसेंबरला त्यांनी बेर्टाबाईंना खाली बोलावले. त्यांचा हात फोटोच्या काचेवर ठेवला आणि सुमारे पंधरा मिनिटे नळी चालवली. काच धुतल्यावर बोटांची हाडे आणि एका बोटात सैल झाल्यासारखी दिसणारी अंगठी. आपलाच सांगाडा जिवंतपणी पाहून बाईंना मरणाची चाहूल लागल्यासारखे झाले, असे सांगतात. मला त्यांचे नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की जगातले हे इतके प्रसिद्ध चित्र एका गृहिणीच्या हाताचे आहे आणि लोकांना तिचे नाव ठाऊक नसते.

२८ डिसेंबरला निबंध व्युर्त्सबुर्गच्या भौतिक-वैद्यक संस्थेकडे दिला. नाताळच्या सुट्टीमुळे तो वाचून दाखवायला सभाच नव्हती, थेट छापायला गेला. अज्ञात राशीला बीजगणितात एक्स म्हणतात म्हणून त्यांनी या किरणांना एक्स किरण म्हटले. आपल्याकडे गणितात अज्ञाताला क्ष धरतात, त्यामुळे मराठीत ते क्ष-किरण झाले. नाव भाषांतरित होऊनही अर्थ जागचा हलला नाही, असे क्वचितच घडते.

१ जानेवारी १८९६ ला निबंधाच्या प्रती आणि फोटो ओळखीच्या प्राध्यापकांना टपालाने गेले. व्हिएन्नातल्या एकांकडून गोष्ट वर्तमानपत्रापर्यंत पोचली आणि ५ जानेवारीला छापून आली. १३ तारखेला बर्लिनमध्ये कैसरसमोर प्रात्यक्षिक झाले. २३ तारखेला व्युर्त्सबुर्गात त्यांनी जाहीर व्याख्यान दिले. त्यात वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ क्योलिकर यांच्या हाताचा फोटो सगळ्यांदेखत काढला. क्योलिकर यांनी तिथेच सुचवले की या किरणांना राँटजेन यांचे नाव द्यावे. जर्मन लोक आजही तेच नाव वापरतात.

मग जगभर झुंबड उडाली. नळी, कुंडल आणि फोटोच्या काचा बहुतेक ठिकाणी होत्याच. काही आठवड्यांत डॉक्टर मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या सुया पाहू लागले. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी हे यंत्र हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर नेऊन जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या.

या वेळी अनेकांनी पैसा केला. राँटजेन यांनी केला नाही. पेटंट घेण्याविषयी उद्योगांकडून विचारणा आली, त्यांनी नकार दिला. असे शोध सगळ्यांचे असतात अशी त्यांची धारणा होती. बव्हेरियाच्या दरबाराने नावापुढे सरदारकीचे पद देऊ केले, तेही घेतले नाही. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले, त्याची रक्कम संशोधनासाठी व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाला दिली. नोबेलचे रिवाजी भाषणही केले नाही. क्ष-किरणांवर त्यांनी एकूण तीन निबंध लिहिले, शेवटचा १८९७ साली, आणि मग ते आपल्या इतर विषयांकडे वळले.

खरे सांगतो, पेटंटचा भाग वाचताना माझ्यातला बँकवाला अस्वस्थ झाला. निम्मे हक्क ठेवले असते तरी काय बिघडले असते? पण पेटंटचा पैसा भरायचा म्हणजे त्या यंत्राची किंमत वाढणार, आणि दोन वर्षांत ते सरहद्दीवरच्या तंबूपर्यंत पोचले असते का, हाही विचार मनात येतो.

दुसरी एक काळी बाजूही सांगायला हवी. किरण दिसत नाहीत, लागत नाहीत, म्हणून लोक बेफिकीर राहिले. किरण ठीक येतात का हे पाहायला नळीपुढे स्वतःचाच हात धरायची पद्धत होती. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतले क्लॅरेन्स डॅली असेच दिवसेंदिवस हात धरत. आधी कातडी भाजली, मग कर्करोग, मग दोन्ही हात कापावे लागले. १९०४ साली ते गेले. एडिसन यांनी या किरणांचे नाव टाकले. राँटजेन मात्र पहिल्यापासून जस्ताच्या पत्र्याच्या मोठ्या पेटीत बसून काम करत, नळीच्या बाजूला शिशाचा पत्रा लावून. तो फोटोच्या काचा धुरकटू नयेत म्हणून होता. त्याने ते स्वतःही वाचले.

थंड नळीचा लहरीपणा ही त्या काळच्या डॉक्टरांची रोजची डोकेदुखी होती. सगळे काम उरलेल्या वायूवर. वायू जास्त असेल तर किरण दुबळे, हाडापर्यंत पोचेनात. नळी वापरता वापरता काच आणि धातू आतला वायू शोषून घेत. वायू कमी झाला की किरण इतके भेदक होत की हाड आणि मांस यांतला फरकच फोटोत उमटेना. आणखी कमी झाला की वीजच जाईना. मग नळीला जोडलेल्या छोट्या कप्प्यातला अभ्रक तापवून थोडा वायू आत सोडायचा. कुशल माणूस नळीच्या रंगावरून तिची तब्येत ओळखत असे. एकच नळी सकाळी एक फोटो देई आणि दुपारी दुसरा.

हा प्रश्न १९१३ साली अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी सोडवला. त्यांनी नळीतला वायू जवळजवळ पूर्ण काढून टाकला आणि थंड कॅथोडऐवजी टंगस्टनची तापणारी तार बसवली. तार किती तापवायची त्यावर किरण किती, आणि विजेचा दाब किती त्यावर किरण किती भेदक. दोन कळा, दोन्ही स्वतंत्र. आपल्या पाकिटातले सगळे फोटो या गरम नळीचे. थंड कॅथोड मात्र अलीकडे वेगळ्या रूपात परत आला आहे. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या टोकांवर जोरदार विद्युतक्षेत्र लावले की न तापवता, आणि वायूच्या मदतीशिवाय, इलेक्ट्रॉन खेचून काढता येतात. क्षणात चालू, क्षणात बंद होणारे छोटे क्ष-किरण स्रोत त्यावर बनतात.

राँटजेन १९०० सालीच म्युनिकला गेले होते. तिथे १९१२ साली लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग या तरुणांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. क्ष-किरण हे प्रकाशासारख्याच, पण फार आखूड लांबीच्या लहरी आहेत हे तेव्हा सिद्ध झाले. ते दोघेही राँटजेन यांच्या हाताखाली शिकलेले. क्ष ची किंमत सतरा वर्षांनी कळली, तीही त्यांच्याच विद्यापीठात.

त्यांच्या आयुष्यातला कडवट भाग म्हणजे फिलिप लेनार्ड. लेनार्ड यांनी नळीला पातळ ॲल्युमिनियमची खिडकी बसवून कॅथोड किरण बाहेर काढले होते, आणि राँटजेन यांचे काम त्या प्रयोगांपासूनच सुरू झाले. लेनार्ड यांनी मागितल्यावर त्यांना पातळ पत्राही पाठवला होता. पहिल्या निबंधात लेनार्ड यांच्या कामाचा उल्लेख आहे, पण आपल्या मदतीची पावती मिळाली नाही ही सल लेनार्ड यांना जन्मभर राहिली. १९०५ साली त्यांनाही नोबेल मिळाले, तरी ती गेली नाही. क्ष-किरणांची आई मी आणि राँटजेन फक्त सुईण, असा त्यांचा दावा असे. पुढे ते हिटलरचे कट्टर समर्थक झाले आणि त्या काळात राँटजेन यांचे नाव मागे ढकलण्याचे प्रयत्नही झाले.

या वादात राँटजेन यांनी एक अवाक्षर काढले नाही, आणि इथे माझे त्यांच्याशी पटत नाही. मृत्युपत्रात त्यांनी आपले कागद आणि प्रयोगांच्या नोंदी जाळून टाकायला सांगितले, आणि ते पाळले गेले. दुसऱ्यांकडे गेलेली पत्रे तेवढी उरली. त्यामुळे ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पुठ्ठ्यात नेमकी कोणती नळी होती, क्रूक्सची, हिटॉर्फची की लेनार्डची, हे आज कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. तपासणीच्या दिवशी व्हाउचर नसले की खऱ्या माणसावरही शंका घेतली जाते, हे मी नोकरीत पाहिले आहे. ज्या मुलाने वर्गमित्राचे नाव सांगितले नाही, तोच हा माणूस. गप्प राहणे हा त्याचा स्वभाव होता, आणि दोन्ही वेळा त्याची किंमत त्यानेच भरली.

उतारवय कष्टाचे गेले. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन विद्वानांनी आपल्या देशाच्या समर्थनार्थ एक जाहीरनामा काढला. त्यावर त्यांनी सही केली आणि नंतर तिचा पस्तावाही केला. आपले सोने, रॉयल सोसायटीकडून मिळालेल्या रम्फर्ड पदकासकट, त्यांनी युद्धकार्याला देऊन टाकले. बेर्टाबाई अनेक वर्षे मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होत्या. त्यांची शुश्रूषा ते स्वतः करत. ३१ ऑक्टोबर १९१९ ला त्या गेल्या. पुढच्या वर्षी राँटजेन निवृत्त झाले.

आणि मग महागाई. १९१४ साली एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडत. १९२३ च्या जानेवारीत हजारो, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी. मुदत ठेवी, सरकारी रोखे, पेन्शन, सगळ्यावरचे आकडे तसेच राहिले आणि त्यांची किंमत उडून गेली. हे वाक्य लिहिताना बँकेत काम केलेल्या माणसाच्या पोटात काय होते ते मी सांगू शकत नाही. ठेव बुडाली नाही, पासबुकात एक पैसाही कमी नाही, आणि तरी तिच्यात पाव येत नाही. राँटजेन यांची जन्मभराची बचत या महागाईने गिळली. शोधावर हक्क ठेवलेला नव्हताच.

१० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. वय ७७. क्ष-किरणांमुळे तो आजार झाला असे मानत नाहीत. गीसेनच्या जुन्या दफनभूमीत आईवडील आणि बेर्टाबाई यांच्याशेजारी त्यांना ठेवले आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले सध्या जर्मनीत आहेत. त्यांच्याकडे जाणे झाले तर फ्रँकफर्टहून व्युर्त्सबुर्ग रेल्वेने साधारण सव्वा तासावर आहे. ती इमारत अजून उभी आहे, रस्त्याला राँटजेन यांचेच नाव आहे, आणि खालची खोली स्मारक म्हणून जपली आहे. तिथे काचनळ्या मांडून ठेवल्या आहेत. त्यांतली त्या शुक्रवारची कोणती, हे मात्र विचारू नये.